साखरेचे दोन आकडे

“उद्या सकाळी उपाशीपोटी या, आणि जेवल्यावर दोन तासांनी पुन्हा या,” असे डॉक्टरांनी सांगितले की घरच्या बाईच्या मनात पहिला विचार येतो तो असा: म्हणजे सकाळचा डबा कोण करणार? दुसरा विचार: दोन-दोन खेपा कशाला, एकदाच रक्त देऊन टाकू. आणि तिसरा विचार ती कोणाला बोलून दाखवत नाही: खरंच निघाली शुगर, तर?

मैत्रिणींनो, डबा एक दिवस दुसऱ्या कोणी तरी भरेल. पण त्या दोन खेपा का घालायच्या आणि चिठ्ठीवर आलेल्या दोन आकड्यांतून काय वाचायचे, हे प्रत्येक घरात एका बाईला तरी नीट कळायला हवे. कारण मधुमेह घरात आला की पथ्य सांभाळणारी बाईच असते, मग दुखणे नवऱ्याचे असो, सासूबाईंचे असो की तिचे स्वतःचे.

उपाशीपोटी म्हणजे उपवास नव्हे

आपल्याकडे ‘उपाशी’ म्हटले की उपवास आठवतो, आणि उपवास म्हटला की साबुदाणा. रक्त तपासायला जाताना हे दोन्ही विसरायचे. उपाशीपोटी म्हणजे रात्रीच्या जेवणानंतर निदान आठ तास पोटात काहीही न जाणे. साधे पाणी चालते. चहा चालत नाही, बिनसाखरेचाही नाही. त्यातल्या दुधातही साखर असते. खडीसाखर नाही, तीर्थप्रसाद नाही, शेंगदाण्याचा लाडू तर नाहीच.

आणि उलटपक्षी, ‘आकडा चांगला यावा’ म्हणून आदल्या दिवशी दुपारपासूनच पोट मारायचे, हेही करू नये. आपण परीक्षेला बसलेलो नाही. रोज जसे जेवता तसे जेवावे, वेळेवर झोपावे, आणि सकाळी लवकर जाऊन रक्त द्यावे. अकरा-साडेअकरापर्यंत उपाशी राहून, घरचे सगळे आवरून मग गेले, तर त्या आकड्याचा अर्थही बदलतो आणि आपल्याला चक्कर येते ती वेगळीच.

रात्री काही खाल्ले नाही, मग साखर आली कुठून?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकीला पडतो. “अहो, संध्याकाळी सातला एक भाकरी खाल्ली, त्यावर पाणीसुद्धा प्याले नाही. तरी सकाळी दीडशे! मशीनच बिघडलं असेल.”

मशीन बिघडलेले नसते. आपले यकृत ही शरीरातली धान्याची कोठी आहे. दिवसा जेवणातून आलेली जास्तीची साखर ते साठवून ठेवते, आणि रात्री आपण झोपलो की थोडी थोडी बाहेर काढते, कारण मेंदूला झोपेतही साखर लागतेच. कोठीतून किती काढायचे यावर लक्ष ठेवणारी घरची करती बाई म्हणजे इन्शुलिन. ती खमकी असली की मापाने धान्य निघते. तिचा हात सैल पडला, किंवा घरातली माणसे तिचे ऐकेनाशी झाली, की कोठीतून पायलीच्या पायली उपसली जाते. त्यातच पहाटेच्या सुमारास शरीरात असे काही रस वाढतात की जे आपल्याला जागे करतात आणि साखरही वर ढकलतात. म्हणून रात्रीचे जेवण अगदी टाळले तरी सकाळचा आकडा मोठा येऊ शकतो. उपाशीपोटीचा आकडा म्हणजे ‘रात्री काय खाल्ले’ याची चाडी नव्हे. यकृत आणि इन्शुलिन यांचे आपसात कसे चालले आहे, याची ती खबर असते.

जेवणानंतरचा आकडा निराळी गोष्ट सांगतो. ताटातला भात, भाकरी, पोळी, बटाटा पोटात गेला की त्याची साखर होऊन रक्तात येते. त्या क्षणी स्वादुपिंडाने भरभर इन्शुलिन सोडायचे असते. मधुमेहाच्या सुरुवातीला हीच पहिली उसळी मंदावते. पाहुणे दारात येऊन उभे आणि चुलीवर आधण अजून ठेवायचेच आहे, तशातली गत! त्यामुळे कित्येकींच्या बाबतीत सकाळचा आकडा बराच काळ बरा असतो, आणि जेवणानंतरचा मात्र केव्हाच चढलेला असतो. ‘एकदाच रक्त देऊन टाकू’ म्हणणारीला हे कळतच नाही.

आकडे कसे वाचायचे

चिठ्ठीवर ‘मि.ग्रॅ.’ असे लिहिलेले असते, म्हणजे शंभर मिलिलिटर रक्तात किती मिलिग्रॅम साखर. ढोबळ कोष्टक असे:

उपाशीपोटी १०० च्या खाली असेल तर ठीक. १०० ते १२५ म्हणजे उंबरठ्यावर. १२६ किंवा त्याहून अधिक म्हणजे मधुमेह.

७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पिऊन दोन तासांनी तपासले, तर १४० च्या खाली ठीक, १४० ते १९९ उंबरठ्यावर, २०० किंवा अधिक म्हणजे मधुमेह.

तिसरी एक तपासणी असते, एचबीएवनसी. ती गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. ५.७ च्या खाली ठीक, ६.५ किंवा वर म्हणजे मधुमेह.

खूप तहान, वारंवार लघवी, वजन उतरणे अशी लक्षणे नसतील, तर एकाच आकड्यावर शिक्का मारत नाहीत. दुसऱ्या तपासणीने खात्री करून घेतात. तेव्हा पहिली चिठ्ठी हातात पडल्याबरोबर रडत बसू नका, आणि ‘चुकून आली असेल’ म्हणून ती फडताळात कागदाखालीही सारू नका.

एकदा निदान झाले की मग ध्येय वेगळे. गरोदर नसलेल्या बहुतेक प्रौढ रुग्णांसाठी उपाशीपोटी ८० ते १३०, जेवणानंतर १८० च्या आत, आणि एचबीएवनसी ७ च्या आत, अशी सर्वसाधारण मर्यादा धरतात. तुमचे वय, इतर दुखणी पाहून डॉक्टर ती थोडी खालीवर करतील.

आपल्या बायकांसाठी एक खास गोष्ट. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आढळला. लोहाची कमतरता असली की एचबीएवनसी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकते. सिकलसेलसारखा आजार असला किंवा नुकतेच रक्त चढवले असले तर ती फसवी येते. म्हणून हिमोग्लोबिनचा आकडाही डॉक्टरांना दाखवा.

दोन शेजारणी, दोन चिठ्ठ्या

समजा, कर्जतच्या बाजारपेठेजवळ राहणाऱ्या दोघी शेजारणी आहेत. एकीची चिठ्ठी: उपाशीपोटी ११२, जेवणानंतर २३८. दुसरीची: उपाशीपोटी १५८, जेवणानंतर १७६. दोघी गच्चीत कपडे वाळत घालताना बोलतात. पहिली म्हणते, “वहिनी, तुमचं सकाळचं बघा किती वाढलंय. माझं बाई बरं आहे.” दुसरी म्हणते, “तुमचं दोनशेच्या वर गेलंय, माझं कुठे गेलंय?”

दोघीही आपापल्या सोयीचा आकडा पाहत आहेत. पहिलीने आपल्या ताटाकडे पाहायला हवे: भात किती, त्याच्या जोडीला डाळ-भाजी किती, आणि जेवल्यावर ती लगेच आडवी होते का. दुसरीचे ताट फारसे बिघडलेले नाही. तिचे यकृत रात्री जास्तीची साखर सोडते आहे. तिने रात्रीचे जेवण साडेदहावरून आठावर आणणे, झोप पुरी करणे, आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी न चुकवणे, यानेच तो आकडा खाली येईल. पहिलीचा सल्ला दुसरीला आणि दुसरीची गोळी पहिलीला, असा व्यवहार मात्र गच्चीवर करू नये.

कधी कधी जेवणानंतरचा आकडा उपाशीपोटीच्या आकड्यापेक्षाही कमी येतो. मग घरात एकच गोंधळ, ‘रिपोर्ट अदलाबदल झाला!’ बहुधा तसे नसते. बाईने त्या दिवशी घाबरून दोनच घास खाल्लेले असतात, किंवा ती जेवून चालत आलेली असते, किंवा गोळीचा परिणाम तेव्हा जोरात असतो. आणि एक लक्षात ठेवा: ज्यांचे उपचार सुरू आहेत त्यांनी तपासणीच्या दिवशीही जेवणाबरोबरची नेहमीची गोळी घ्यायची, डॉक्टरांनी मुद्दाम थांबवायला सांगितले नसेल तर. गोळीसकट साखर कशी राहते, तेच तर बघायचे असते.

दोन तास मोजायचे ते पहिल्या घासापासून; हात धुतल्यापासून नव्हे. आणि त्या दिवशी रोजचेच जेवण जेवायचे. डोंगरावरच्या वाडीतून किंवा लांबच्या गावातून आलेली बाई सकाळचे रक्त देते आणि परत जाऊन येणे परवडत नाही म्हणून स्टेशनावर वडापाव खाऊन दोन तास बाकावर बसून राहते. मग जो आकडा येतो तो वडापावचा, तिच्या घरच्या जेवणाचा नव्हे. अशा वेळी डबा बरोबर नेलेला बरा.

“मी तर काठीसारखी!”

‘शुगर जाड्या माणसांना होते’ ही आपल्याकडची मोठी समजूत. घाटापलीकडे पुण्यात, केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याच समजुतीचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला. २००४ साली त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपला दोघांचाच फोटो छापला. उंची-वजनाचे प्रमाण दोघांचेही अगदी सारखे, २२.३. दिसायला दोघेही सडपातळ. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! आपल्याकडची बारीक माणसे आतून बारीक असतीलच असे नाही, हे एका फोटोने दाखवून दिले.

याचे मूळ फार मागे जाते. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांची आणि पुढे त्यांच्या मुलांची पाहणी याच गटाने केली. तिथली बाळे जन्मतः सरासरी पावणेतीन किलोच्या आसपास, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा कितीतरी हलकी. पण हाता-पायाचे मांस कमी आणि चरबी त्या मानाने टिकून! स्नायू हे साखर साठवायचे मोठे कोठार. तेच लहान राहिले तर पुढे पोटभर भात मिळू लागला आणि अंगमेहनत सुटली की साखर ठेवायची कुठे?

म्हणून, ज्या मैत्रिणी वजनकाट्यावर उभ्या राहून निश्चिंत होतात, त्यांनी एकदा शिवणकामाची टेप घेऊन बेंबीपाशी कंबर मोजावी. आपल्या बायकांसाठी ८० सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेएकतीस इंच, ही मर्यादा धरतात. त्यापुढे असाल, किंवा आई-वडिलांना मधुमेह असेल, किंवा बाळंतपणात साखर वाढली होती, तर वजन काहीही असो, तपासणी करून घ्या. गरोदरपणी वाढलेली साखर बाळंतपणानंतर बहुधा उतरते आणि सगळे ती विसरून जातात. ती विसरायची नाही. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी आणि मग दरवर्षी रक्त तपासायचे.

ठाकुरवाडीची वाट

रायगडमधल्या कर्जत आणि खालापूर तालुक्यांत डोंगरउतारांवर ठाकूर समाजाच्या कितीतरी वाड्या आहेत; त्यांतल्या बऱ्याच वाड्यांचे नावच ठाकुरवाडी. पावसाळा सुरू झाला की तिथल्या बायका डोक्यावर पाट्या घेऊन कर्जत-नेरळच्या बाजारात उतरतात. शेवळं, कुर्डू, टाकळा, भारंगी, कंटोली असा रानचा मेवा घेऊन. “मावशी, शेवळाबरोबर काकडं द्या हो, नाहीतर घसा खाजतो,” असे म्हणत आपणही त्यांच्यापाशी बसतो.

त्या मावशीच्या आणि आपल्या ताटात पूर्वी मोठा फरक होता. तिच्याकडे नाचणी, वरी, रानभाज्या. आपल्याकडे पांढरा भात. आज वाडीवरही रेशनचा तांदूळ आहे, दुकानातली बिस्किटे आणि चहात साखर आहे. फरक उरला तो वाटेचा. ती जेवून उठते ती चढ-उतार करते, पाणी आणते, लाकूड आणते. आपण जेवून उठतो आणि ओटा पुसून पंख्याखाली आडव्या होतो. चालणारे स्नायू इन्शुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतात. त्यामुळे तेवढाच भात खाऊनही तिच्या आणि आपल्या जेवणानंतरच्या आकड्यात फरक पडू शकतो.

पण ‘डोंगरातल्या बायकांना कुठली आलीय शुगर’ असे म्हणणेही धाडसाचे. सडपातळ बांधा म्हणजे कवच नव्हे, हे वर पाहिलेच. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे पहिले निष्कर्ष २०११ साली आले, तेव्हा महाराष्ट्रात प्रौढांपैकी शंभरात आठांहून अधिक जणांना मधुमेह आढळला. शहरांत जवळजवळ अकरा, आणि खेड्यांतही साडेसहा. २०२३ साली त्याच पाहणीवरून देशातला आकडा दहा कोटींच्या वर असल्याचा अंदाज निघाला, आणि उंबरठ्यावरचे आणखी साडेतेरा कोटी. तुमच्याकडे कामाला येणारी, भाजी देणारी मावशी फार तहान लागते, पायाची जखम भरत नाही म्हणत असेल, तर तिला ‘रक्त तपासून घे’ एवढे सांगणे आपल्या हातात आहे. कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय, कशेळ्याचे ग्रामीण रुग्णालय, जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा उपकेंद्र इथे सरकारी कार्यक्रमात तिशीच्या पुढच्यांची साखर आणि रक्तदाब तपासतात. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचारही मोफत आहेत.

ताटातला हिशेब

‘भात बंद’ असे फर्मान निघाले की कोकणाच्या माणसाला जेवल्यासारखेच वाटत नाही. आणि मग एक गंमत होते. भात बंद करून बाई तांदळाची भाकरी खाते! भाकरी झाली म्हणून तांदळाचा गहू होत नाही. वाटीभर शिजलेला भात, म्हणजे दीडशे ग्रॅम, साधारण ४० ग्रॅम पिष्ट देतो. मध्यम आकाराची तांदळाची भाकरीही जवळजवळ तेवढेच.

नाचणीचेही तसेच. नाचणी गुणी आहे यात शंका नाही. शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम, तांदळात त्याच्या जवळपासही नाही. तंतू जास्त, म्हणून पोट भरते. पण पिष्ट तिच्यातही भरपूर आहे. एक भाकरी, पालेभाजी आणि उसळीबरोबर, उत्तम. पातळ सत्त्व किंवा आंबील करून मोठा पेला प्यायला, तर साखर चटकन चढते. ‘नाचणी आहे, कितीही चालते’ असे नाही.

मग करायचे काय? चार साध्या गोष्टी करून पाहा.

पहिली, भात मोजून घ्या. ठरलेली एक वाटी, सपाट भरलेली. आपल्या भागात भात कापल्यावर त्याच जमिनीत वाल होतो. त्याचे बिरडे, मुगाची उसळ, अंडे किंवा मासळी यांची वाटी भातापेक्षा मोठी असू द्या.

दुसरी, खाण्याचा क्रम बदला. आधी कोशिंबीर, पालेभाजी, उसळ, भात शेवटी. तेच पदार्थ, तेवढेच, पण या क्रमाने खाल्ले तर जेवणानंतरची साखर कमी चढते असे प्रयोगांत दिसले आहे. याला एक पैसा लागत नाही.

तिसरी, जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटे चाला. पहाटे तासभर फिरायला जमत नसेल तर हे जमते. गल्लीच्या टोकापर्यंत, नाहीतर घरातल्या घरात. दुपारी भांडी घासणे आणि झाडलोट जेवणानंतर ठेवली तरी चालेल.

चौथी गोष्ट सांगायला जरा अवघड. उरलेले संपवू नका. मुलाने टाकलेला अर्धा पराठा, पातेल्याच्या तळाचा भात, ‘वाया कशाला घालवायचा’ म्हणून आपण तोंडात टाकतो. हे कुठल्याच वाटीत मोजले जात नाही, पण रक्तात मोजले जाते. आणि सगळ्यांचे झाल्यावर दुपारी तीनला जेवणे हेही सोडा. गोळी चालू असलेल्या बाईने घरच्यांबरोबर, वेळेवर जेवावे. सासूबाईंना वाईट वाटेल, असे वाटते ना? चिठ्ठी त्यांच्यासमोर ठेवा. बहुतेक घरांत त्यांचीही चिठ्ठी तशीच असते.

संकष्टीची गोळी

उपवास हा श्रद्धेचा भाग. त्यावर कोणी बाहेरच्याने बोलू नये. पण गोळी सुरू झाल्यावर उपवासाची रीत बदलावी लागते, हे मात्र स्पष्ट सांगायला हवे.

दोन धोके आहेत, आणि ते उलट दिशांचे. एक, फराळाचा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमहून जास्त. त्यात बटाटा, वर रताळ्याचा कीस. उपवासाच्या दिवशी जेवणानंतरचा आकडा रोजच्यापेक्षा जास्त येतो तो यामुळे. खावेसे वाटलेच तर थोडी भगर, त्यावर दाण्याची आमटी, काकडी, ताक असे बरे.

दुसरा धोका जास्त मोठा. सकाळी गोळी घेतली आणि संकष्टीचा चंद्र रात्री नऊच्या पुढे उगवायचा म्हणून दिवसभर काही खाल्ले नाही. काही गोळ्या, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइड, आणि इन्शुलिनची सुई, पोट रिकामे असले तरी साखर खाली ओढत राहतात. मग दरदरून घाम, हातपाय थरथरणे, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, असंबद्ध बोलणे. घरच्यांना वाटते उपवास लागला. ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. ७० च्या खाली साखर गेली की लगेच तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे, बरे वाटले की काहीतरी खायला द्यायचे. बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता तडक दवाखाना. त्या वेळी ‘उपवास मोडला’ म्हणून जीव हळहळू देऊ नका. औषधासाठी मोडलेला उपवास मोडत नाही, असे घरातली वडीलधारी माणसेच सांगतील.

नुसत्या मेटफॉर्मिनने असे सहसा होत नाही. पण आपली गोळी कोणती, हे कित्येकींना ठाऊक नसते. ‘ती पांढरी’ एवढेच माहीत. म्हणून श्रावण, हरतालिका, नवरात्र यांच्या आधी एकदा डॉक्टरांकडे जा, गोळ्यांचे पाकीट बरोबर न्या आणि विचारा: उपवासाच्या दिवशी यातली कोणती घ्यायची, कोणती नाही? स्वतःच्या मनाने गोळी बंद करणे आणि उपाशी राहून गोळी घेणे, दोन्ही सारखेच चुकीचे.

कारल्याचा रस, मेथीचे दाणे, जांभळाच्या बियांची पूड याविषयीही तेच. कारल्याची भाजी खुशाल खा. पण ‘आता रस चालू केला’ म्हणून गोळी सोडू नका.

वहीत काय लिहायचे

घरी ग्लुकोमीटर असेल तर तो शोभेला ठेवू नका, आणि दिवसातून दहादा बोटेही टोचू नका. जोडीने तपासा: त्याच जेवणाच्या आधी एकदा, आणि पहिल्या घासानंतर दोन तासांनी एकदा. सोमवारी सकाळचा नाश्ता, बुधवारी दुपारचे जेवण, शनिवारी रात्रीचे. तीन जोड्या झाल्या की आठवड्याचे चित्र पुरे होते. किती वेळा तपासायचे ते गोळी आणि इन्शुलिनवर ठरते. डॉक्टरांना विचारून घ्या.

वहीत चार रकाने आखा: जेवणाआधी, जेवणानंतर, काय खाल्ले, चालले की नाही. महिनाभराने तुमचे तुम्हालाच दिसेल की रविवारच्या बिर्याणीपेक्षा रोजच्या चहाबरोबरचे टोस्ट जास्त महाग पडत आहेत.

टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. आंबा चिरून लगेच बोट टोचले तर आंब्याचीही साखर मोजली जाते! बोटाच्या कडेला टोचा, टोकाला नको; कमी दुखते. पट्ट्यांची डबी घट्ट लावा. कर्जतच्या पावसात उघड्या डबीतल्या पट्ट्या ओल धरतात आणि मग आकडा भलताच येतो. प्रयोगशाळेच्या आकड्यात आणि घरच्या आकड्यात दहा-पंधराचा फरक पडायचाच, विशेषतः जेवणानंतर. त्यावरून भांडत बसू नये.

पहिले वर्ष मोलाचे

नव्याने मधुमेह निघालेल्या पाच हजारांहून अधिक रुग्णांचा इंग्लंडमध्ये १९७७ पासून वीस वर्षे अभ्यास झाला. १९९८ साली त्याचे निष्कर्ष आले: सुरुवातीपासून साखर नीट राखणाऱ्यांत डोळे आणि मूत्रपिंडे बिघडण्याचे प्रमाण कमी होते. आणखी दहा वर्षांनी, २००८ साली, पुन्हा पाहिले, तर दोन्ही गटांच्या आकड्यांत पुढे फरक उरला नव्हता, तरीही सुरुवातीला ज्यांनी काळजी घेतली त्यांचा फायदा टिकून होता. पहिल्या काही वर्षांत घातलेले शिस्तीचे बियाणे पुढे बरीच वर्षे पीक देते, असा त्याचा अर्थ.

तेव्हा निदान झाल्या झाल्याच डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करून घ्या. दिसायला नीट दिसत असले तरी. लघवीतले अल्ब्युमिन वर्षातून एकदा. रात्री झोपताना तळपाय आरशात पाहायची सवय लावा. भेगा, फोड, रुतलेला काटा. देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालताना जपा.

आणि मुलींनो, सुनांनो, एक तुमच्यासाठी. आई म्हणेल, “मला काही होत नाही, चिठ्ठी नुसती डॉक्टरांची हौस.” तिच्याबरोबर दोन्ही खेपांना जा. सकाळी एकदा, दुपारी एकदा. मधल्या वेळात तिला तिच्याच घरचे जेवण वाढा, तिच्या आधी कोणी जेवायला बसू नका, आणि जेवण झाले की तिला घेऊन नदीच्या पुलापर्यंत एक चक्कर मारून या.